बोमार्शेचे बुडीत येणे

इंग्लंडच्या राजाने ऑक्टोबर १७७४ मध्ये एक हुकूम काढून आपल्या बंदरांतून अमेरिकेकडे बंदुका व दारूगोळा नेण्यास बंदी घातली. तेथील तेरा वसाहती करांच्या प्रश्नावरून बिथरल्या होत्या आणि त्यांच्या हाती शस्त्रे पडू नयेत, हा या हुकुमाचा उघड हेतू होता. पुढील वर्षी इंग्रजांच्या आग्रहावरून डच सरकारनेही तशीच मनाई केली. डिसेंबर १७७५ मध्ये तर पार्लमेंटने वसाहतींशी होणारा सर्वच व्यापार बेकायदा ठरवून टाकला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही कोंडी यशस्वी होण्यास लागणारी बहुतेक परिस्थिती अनुकूल होती. वसाहतींत तोफा ओतण्याचे कारखाने नाममात्र होते. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा अपुरा होता. शस्त्रे समुद्रमार्गेच यावयाची होती आणि समुद्रावर इंग्रजी आरमाराचे वर्चस्व होते. असे असूनही १७ ऑक्टोबर १७७७ रोजी सॅराटोगा येथे जनरल बर्गोइनने आपल्या सैन्यासह शरणागती पत्करली, तेव्हा त्याच्यासमोर उभ्या असलेल्या अनेक अमेरिकन शिपायांच्या खांद्यावर फ्रान्सच्या शाही शस्त्रागारातून आलेल्या बंदुका होत्या.

या बंदुका ज्याने पाठविल्या तो सेनानी नव्हता, मंत्री नव्हता आणि रूढ अर्थाने व्यापारीही नव्हता. तो नाटककार होता. रोसिनी आणि मोझार्ट यांच्या संगीतिकांमुळे ज्याचा फिगारो जगभर पोहोचला, त्या बोमार्शेची ही दुसरी ओळख त्याच्या नाटकांच्या मानाने फारच थोड्यांना आहे. वस्तुतः शस्त्रबंदी कशी मोडली जाते आणि मोडणाऱ्याच्या पदरात शेवटी काय पडते, हे समजून घेण्यास त्याच्या चरित्राइतका बोधक दाखला क्वचितच सापडेल.

पिएर-ऑगस्तँ कारों याचा जन्म २४ जानेवारी १७३२ रोजी पॅरिसमध्ये एका घड्याळजीच्या घरी झाला. बोमार्शे हे भारदस्त नाव त्याने पुढे पहिल्या पत्नीच्या मिळकतीवरून घेतले. विशीत असतानाच त्याने घड्याळाची चाल नियमित करणारी एक नवी रचना शोधून काढली. लपोत नावाच्या नामवंत शाही घड्याळजीने ती आपलीच म्हणून जाहीर केली, तेव्हा या पोराने थेट विज्ञान अकादमीकडे दाद मागितली आणि १७५४ मध्ये निकाल आपल्या बाजूने लावून घेतला. हक्काच्या गोष्टीसाठी कागद घेऊन भांडण्याची ही खोड त्याला जन्मभर पुरली. घड्याळांनी त्याला राजवाड्याचे दार उघडून दिले; पंधराव्या लुईच्या मुलींना तो हार्प शिकवू लागला; आणि त्या ओळखीतून पारी-द्युव्हर्ने या वृद्ध सावकाराचा त्याच्यावर लोभ जडला. फौजांना रसद पुरवून गबर झालेल्या या गृहस्थाकडून बोमार्शेने सरकारी कंत्राटांचे मर्म आत्मसात केले. हे शिक्षण सोवळे नव्हते. १७६४ मध्ये माद्रिदला गेला असता स्पॅनिश वसाहतींना गुलाम पुरविण्याचा मक्ता मिळविण्याचीही खटपट त्याने केली होती, हे त्याच्या चाहत्यांनी विसरता कामा नये.

१७७० मध्ये द्युव्हर्ने वारला. मृत्यूपूर्वी दोघांनी आपसांतील देण्याघेण्याचा एक हिशेब लिहून सह्या केल्या होत्या. त्यानुसार पंधरा हजार लिव्र बोमार्शेला मिळावयाचे होते. ही रक्कम सावकाराच्या दौलतीपुढे किरकोळच होती. परंतु वारस काउंट द ला ब्लाश याने तो कागदच बनावट ठरविला. दोघांतच झालेला व्यवहार, साक्षीदार कोणी नाही आणि ज्याने सही केली तो हयात नाही. अशा कागदाची कोर्टात काय गत होते, याचा अनुभव बोमार्शेने पुढे आठ वर्षे घेतला. त्या खटल्यातून न्यायाधीशाच्या लाचेचे प्रकरण निघाले, बोमार्शेच्या खुमासदार निवेदनपत्रिकांनी पॅरिस हसून लोटपोट झाले, आणि फेब्रुवारी १७७४ मध्ये न्यायालयाने त्याचे नागरी हक्कच काढून घेतले. लोकांत कीर्ती वाढली, कायद्यापुढे मात्र तो नाहीसा झाला.

गेलेली पत परत मिळविण्यासाठी त्याने राजाची गुप्त कामगिरी पत्करली. राजघराण्याविरुद्ध निघणारी चोपडी दडपणे, शव्हालिए देऑन या विक्षिप्त हेराकडून राजाचे गोपनीय कागद सोडविणे, असल्या कामांसाठी तो लंडनला येऊ-जाऊ लागला. तेथे जॉन विल्क्सच्या वर्तुळात त्याची गाठ वसाहतींचा प्रतिनिधी आर्थर ली याच्याशी पडली. वसाहती टिकाव धरतील, पण त्यांना शस्त्रे मिळाली तरच, असे त्याचे मत तेथे बनले आणि त्याने सोळाव्या लुईकडे खलित्यांवर खलिते धाडण्यास आरंभ केला.

परराष्ट्रमंत्री व्हर्जेन याला हे पटविण्याची फारशी गरज नव्हती. १७६३ च्या तहात फ्रान्सने कॅनडा गमावला होता आणि हिंदुस्थानातही त्याची सत्ता नाममात्र उरली होती. त्या पराभवाचा वचपा काढावयाचा होता, परंतु आरमार सज्ज होईपर्यंत उघड युद्ध नको होते. विरोध केला तो अर्थमंत्री त्युर्गोने. खजिन्याची अवस्था पाहता या भानगडीत पडणे राज्याला झेपणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. पुढील पंधरा वर्षांचा इतिहास पाहिला तर हा अर्थशास्त्रज्ञ किती दूरचे पाहत होता याची कल्पना येते. परंतु मे १७७६ मध्ये त्युर्गो पदच्युत झाला आणि १० जून रोजी बोमार्शेने सरकारी खजिन्यातून दहा लाख लिव्र मिळाल्याच्या पावतीवर सही केली. ऑगस्टमध्ये स्पेननेही तेवढीच रक्कम दिली. गंमत अशी, की दहा लाखांची पावती लिहून देणाऱ्या या इसमाला त्या दिवशी नागरी हक्क नव्हते. ते त्याला सप्टेंबरात परत मिळाले.

या भांडवलावर रोदरीग ओर्तालेझ आणि कंपनी नावाची पेढी पॅरिसमध्ये उभी राहिली. ओर्तालेझ नावाचा कोणी स्पॅनिश शेठ अस्तित्वातच नव्हता. पेढीची योजना मात्र पक्की व्यापारी होती. फ्रेंच तोफखान्याची त्या काळात पुनर्रचना चालली होती आणि जुन्या बनावटीची शस्त्रे कोठारांत पडून होती. ती पेढीने किंमत देऊन घ्यावयाची, अमेरिकेच्या काँग्रेसला उधारीवर द्यावयाची, मोबदल्यात व्हर्जिनियाची तंबाखू आणावयाची, ती फ्रान्समध्ये विकून पुन्हा शस्त्रे घ्यावयाची. सरकारने दिलेला पैसा म्हणजे चक्राला पहिली गती देण्यापुरते खेळते भांडवल होते. पुढे ते चक्र स्वतःच्या नफ्यावर फिरावयाचे होते. एकच अट होती. बोभाटा झाला तर सरकार कानावर हात ठेवणार आणि बोमार्शेने तो आपला खाजगी धंदा म्हणून निस्तरावयाचा.

जुलैमध्ये काँग्रेसचा प्रतिनिधी सायलस डीन व्यापाऱ्याच्या मिषाने पॅरिसला पोहोचला आणि पेढीशी त्याचा करार झाला. दोनशे तोफा, तीस हजार लोकांचे कपडे व बंदुका, तंबू, दारूगोळा अशी ती भली मोठी यादी होती. डिसेंबरात ‘अँफित्रित’ हे पहिले मोठे गलबत ल हाव्र बंदरात भरू लागले. देखरेखीसाठी बोमार्शे द्युराँ या खोट्या नावाने तेथे उतरला. पण त्याच सुमारास गावात त्याच्याच ‘सेव्हिलचा न्हावी’ या नाटकाचा प्रयोग ठरला होता आणि नट संवादांची वाट लावीत आहेत, हे त्याला पाहवेना. त्याने तालमी घेतल्या! मग द्युराँ कोण, हे बंदरातल्या हमालांनाही कळले. नाटककाराने हेरावर मात केल्याचे असे उदाहरण विरळाच.

इंग्रज वकील लॉर्ड स्टॉर्मंट याने व्हर्जेनकडे तक्रार केली आणि सरकारने जहाजे रोखण्याचा हुकूम सोडला. ‘अँफित्रित’ तोवर निसटले होते. परंतु जागेची गैरसोय होते म्हणून त्यावरील द्यु कुद्रे नावाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने ते परत फ्रान्सच्या किनाऱ्याला आणविले. काही आठवड्यांनी मनाई सैल झाली. नांतहून सुटलेले ‘मेर्क्युर’ मार्च १७७७ मध्ये आणि मागाहून ‘अँफित्रित’ एप्रिलमध्ये न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्‌समथ बंदराला लागले. सॅराटोगाच्या लढाईच्या आधी सहा महिने ही शस्त्रे किनाऱ्यावर उतरली होती.

इंग्रजांना हे कळले नाही, असे मुळीच नाही. अमेरिकन शिष्टमंडळाचा विश्वासू मदतनीस एडवर्ड बँक्रॉफ्ट हाच इंग्रजांचा पगारी हेर होता आणि कोणते जहाज कोठे भरते आहे याची खबर लंडनला पोहोचत होती. अडचण माहितीची नव्हती, कागदांची होती. ही जहाजे कागदोपत्री फ्रान्सहून कॅरिबियन समुद्रातील फ्रान्सच्याच बेटांकडे जात होती, आणि फ्रान्सने आपल्या वसाहतीत तोफा नेऊ नयेत असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. भर समुद्रात ती धरावीत तर फ्रान्सशी युद्ध, आणि तेच तर इंग्लंडला टाळावयाचे होते. ‘सेन’ हे तिसरे गलबत मार्तिनिकपर्यंत निर्धास्त गेले, तेथे त्याने काही माल उतरविला आणि तेथून पुढे निघताच ते इंग्रजांच्या हाती सापडले. कागदातला प्रवास जेथे संपला, त्याच्या पलीकडे बंदीचा अंमल सुरू झाला. डचांच्या सेंट युस्टेशियस बेटावर तर याहून निलाजरा प्रकार चालू होता. मायदेशात मनाई, आणि या खडकाळ बेटावर दारूगोळ्याचा उघड बाजार. नोव्हेंबर १७७६ मध्ये तेथील किल्ल्याने अमेरिकन जहाजाला तोफांची सलामीही दिली. अखेर १७८१ मध्ये अॅडमिरल रॉडनीने बेटावर स्वारी करून वखारी जप्त केल्या, तेव्हा कोठे तो बाजार उठला. परंतु तोवर इंग्लंडने हॉलंडशी युद्ध पुकारलेले होते. शस्त्रबंदीचा अंमल करावयाचा तर शेवटी युद्धाची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजण्याची तयारी झाली तोवर बंदीचा हेतूच विफल झाला होता.

फ्रान्सचे हे धोरण अमेरिकेपुरते नव्हते. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ आपण फ्रान्सचा वकील असल्याचे सांगत पुण्यास नाना फडणिसांच्या भेटीस आला आणि पलटणी व शस्त्रसामग्री यांची आश्वासने देऊ लागला. ती पलटण आली नाही. मुंबईकर इंग्रजांचा संशय मात्र बळावला आणि पुन्हा पेटलेल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या कारणांत त्याची भर पडली. पुण्यात बोमार्शेसारखा पदरचे पैसे घालणारा कोणी नव्हता, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

तो पैसा हीच पुढे बोमार्शेची शोकांतिका झाली. १७७७ अखेरपर्यंत पेढीने पन्नास लाख लिव्रहून अधिक किमतीचा माल पाठविला होता. सरकारी रक्कम केव्हाच संपून इतर व्यापाऱ्यांचे कर्ज झाले होते. आणि तंबाखू? ती येईना. ‘अँफित्रित’ परतले ते थोडासा तांदूळ आणि नीळ घेऊन. पत्रांना काँग्रेसकडून उत्तर नाही. कारण असे, की लंडनमधील जुना स्नेही आर्थर ली याने फिलाडेल्फियाला कळवून ठेवले होते की हा माल म्हणजे फ्रान्सच्या राजाची देणगी असून पेढी हे निव्वळ सोंग आहे. सोंग तर ते होतेच! परंतु सोंगामागे उधारी खरी होती. करार करणाऱ्या डीनला काँग्रेसने हिशेब देण्यास परत बोलावले, आणि त्याच्यापाशी धड कागद नव्हते, कारण असल्या व्यवहारात धड कागद ठेवणे हेच धोक्याचे असते.

फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी उघड तह केला आणि लवकरच युद्धातही उतरला. आता तरी खरे सांगण्यास हरकत नसावी. जानेवारी १७७९ मध्ये टॉमस पेन या प्रसिद्ध लेखकाने, जो त्या वेळी काँग्रेसच्या परराष्ट्र समितीचा चिटणीस होता, तहापूर्वीच फ्रान्सने मदत देऊ केली होती असे वर्तमानपत्रात लिहून टाकले. फ्रेंच वकिलाने आक्षेप घेतला. पेनला पद सोडावे लागले आणि तहापूर्वी फ्रान्सच्या राजाने कोणतीही मदत दिली नव्हती, असा ठरावच काँग्रेसने संमत केला. आता यातून निघणारा निष्कर्ष कोणत्याही कारकुनाला काढता आला असता. राजाची देणगी नव्हती, तर माल बोमार्शेचा होता. आणि माल त्याचा होता, तर पैसे द्यावयास हवे होते. त्याच महिन्यात काँग्रेसने त्याला आभाराचे पत्र पाठविले आणि पुढे २५,४४,००० लिव्रच्या हुंड्याही दिल्या. हुंड्यांची मुदत मात्र तीन वर्षांची होती, आणि सावकार दारात उभे असलेल्या माणसाला तीन वर्षांची हुंडी मोठी कसर सोसूनच वटवावी लागते.

या सगळ्या धकाधकीत त्याने १७७७ मध्ये नाटककारांची संघटना उभारली, हे नमूद केले पाहिजे. त्या लढ्याचा विषयदेखील हिशेबच होता. तिकिटविक्रीचे खरे आकडे नाटक कंपनी लेखकांना दाखवीत नाही, ही तक्रार. व्होल्तेरच्या समग्र वाङ्मयाच्या प्रकाशनात त्याने अपार पैसा घातला व घालविला. १७८४ मध्ये ‘फिगारोचे लग्न’ रंगभूमीवर आले आणि त्याची कीर्ती कळसाला पोहोचली. येणे बाकीच होते. १७८७ मध्ये अमेरिकेने त्याच्या हिशेबाची तपासणी करविली ती आर्थर लीकडून. त्याने निर्णय दिला, की अमेरिका बोमार्शेचे काही लागत नसून बोमार्शेच अमेरिकेचे ७,४२,४१३ लिव्र लागतो. १७९३ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने तेच कागद पुन्हा पाहिले आणि अमेरिका त्याचे २२,८०,००० फ्रँक लागते असे ठरविले. तीच खाती, तोच माल आणि दोन उत्तरांत तीस लाखांचे अंतर. यात गणिताचा दोष नव्हता. व्यवहाराचे स्वरूपच जाणूनबुजून धूसर ठेवलेले असल्याने तपासणाऱ्याला हवे ते उत्तर त्यातून काढता येत होते.

हॅमिल्टनचा आकडाही त्याला मिळाला नाही. १७८३ च्या करारात फ्रान्सने तहापूर्वी तीस लाख लिव्र देणगी दिल्याचे लिहून दिले होते. फ्रँकलिनच्या वहीत वीसच लाखांची नोंद लागत होती. उरलेले दहा लाख कोणाला दिले, हे सांगण्यास व्हर्जेनने नकार दिला. राज्यक्रांतीनंतर, १७९४ मध्ये, अमेरिकेच्या वकिलाने नव्या राजवटीकडून त्या पावतीची नक्कल मिळविली. खाली तारीख होती १० जून १७७६ आणि सही होती बोमार्शेची. ही रक्कम तुमच्या येण्यातून वजा, असे अमेरिकेने बजावले. ती रक्कम राजाच्या गुप्त राजकीय कामासाठी होती आणि तिचा हिशेब राजाला मिळालेला आहे, असे फ्रेंच सरकारने पुढे कळविले. पण गुप्त काम कोणते, हे सांगितले तर काँग्रेसच्या १७७९ च्या ठरावाचे काय करावयाचे? न सांगितले तर बोमार्शे अफरातफर करणारा ठरतो. न सांगणेच सर्वांना सोयीचे होते.

ही पावती उजेडात आली तेव्हा तो स्वतः हांबुर्गमध्ये दारिद्र्यात दिवस काढीत होता, आणि तेथे त्याला नेऊन सोडणारी गोष्टही बंदुकांचीच होती. १७९२ मध्ये क्रांतिकारक फ्रान्स ऑस्ट्रियाशी लढू लागला, आणि हॉलंडच्या व्हीर बंदरात साठ हजार बंदुका विक्रीला असल्याची वार्ता बोमार्शेला लागली. बेल्जियममधील बंड मोडल्यावर ऑस्ट्रियाने जमा केलेली ही शस्त्रे होती आणि त्यांची विक्री करताना ती दूरच्या वसाहतींतच जावीत अशी अट घातलेली होती. आजच्या शस्त्रव्यापारात अंतिम वापर करणाऱ्याचे जे प्रमाणपत्र मागतात, त्याचेच हे पूर्वरूप. बोमार्शेने साठाव्या वर्षी पुन्हा तोच खेळ मांडला. या वेळी डच सरकारने किमतीच्या कित्येक पट जामीन मागून माल अडवून धरला. जी बंदी पंधरा वर्षांपूर्वी त्याने लीलया मोडली होती, ती आता मोडेना. कारण तेव्हा मोडणाऱ्याच्या पाठीशी एक स्थिर सरकार होते आणि आता मंत्री महिन्या-महिन्याला बदलत होते.

बंदुका येईनात, तेव्हा तो त्या दडवून ठेवतो अशी हाकाटी झाली. ऑगस्ट १७९२ मध्ये त्याला तुरुंगात टाकले; सप्टेंबरच्या हत्याकांडापूर्वी दोन-तीन दिवस तो सुटला म्हणून वाचला. नंतर देशद्रोहाचा आरोप, लंडनमध्ये कर्जापायी कैद, परत येऊन बचाव, पुन्हा त्याच बंदुकांसाठी सरकारच्या वतीने परदेशगमन आणि तो सरकारी कामावर बाहेर असतानाच त्याच सरकारने फरारी म्हणून त्याचे नाव नोंदवून केलेली जप्ती, असा हा क्रम आहे. बायको, बहीण आणि मुलगी तुरुंगात पडल्या. रोबेस्पिएरचा पाडाव झाल्यामुळेच त्या जगल्या. बंदुका इंग्रजांच्या हाती पडू नयेत म्हणून त्याने त्या कागदोपत्री एका इंग्रज व्यापाऱ्याच्या नावे करून ठेवल्या होत्या. त्याचाही उपयोग झाला नाही. अखेर इंग्रजांनी त्या उचलून नेल्या.

हांबुर्गहून १७९५ मध्ये त्याने अमेरिकन जनतेला उद्देशून एक विनंतीपत्र लिहिले. उत्तर आले नाही. १७९६ मध्ये तो पॅरिसला परतला, घर सावरले, पुन्हा दावे लावले आणि १८ मे १७९९ रोजी झोपेतच वारला. त्याच्या वारसांनी हे येणे मागण्याचे काम पुढे छत्तीस वर्षे चालविले. १८३१ मध्ये फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात परस्परांच्या जुन्या दाव्यांचा तह झाला आणि त्याच्या आधारे १८३५ मध्ये घराण्याला आठ लाख फ्रँक देऊ करण्यात आले. घ्या, नाहीतर सोडा, असाच तो प्रकार होता. वारसांनी ते घेतले.